बाकडी, भजन आणि लॅटिन: आपली परंपरा नेमकी कोणती?

जय ख्रिस्त, दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मगच लिहायला बसले. अंबड तालुक्यातल्या तुमच्या गावी चर्चची दुरुस्ती झाली. सतरंज्या गेल्या, बाकडी आली. नव्या फादरांनी ढोलकी-टाळांचं भजन थांबवलं आणि तरुणांचं कीबोर्डवरचं गायन सुरू केलं. तेव्हापासून तुमची आजी आत जात नाही, बाहेर ओट्यावर बसून जपमाळ करते. इकडे पुण्यात तुमचा मावसभाऊ सांगतो की भजन हीच मुळात भेसळ आहे, खरी परंपरा लॅटिन मिस्सेची, म्हणजे लॅटिन भाषेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या उपासनेची, आणि साठच्या दशकात रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेनं सगळं बिघडवलं. खरी परंपरा कुणाची, आजीची की भावाची, आणि फादरांना असं परस्पर बदलता येतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी आणि माझे यजमान चौतीस वर्षं गंगापूर, वैजापूर आणि जालन्याच्या खेड्यांत कॅटेकिस्ट होतो. लोक त्यांना मास्तर म्हणायचे, मला मास्तरीणबाई. फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी प्रभुशब्दाची उपासना, लेकरांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, मयताच्या घरची प्रार्थना, सगळं आमच्याकडं असायचं. त्या काळात तुमच्यासारखीच भांडणं मी सहा-सात गावांत पाहिली. एकदा तर चूक माझीच होती, तेही पुढं सांगते.

आधी हे मान्य करते की फादरांची बाजू मी ऐकलेली नाही. बाकडी कुणी मागितली? गुडघे धरलेल्या एखाद्या म्हाताऱ्यानंच मागितली असतील. कीबोर्ड का आला? गावातली तरुण पोरं दर रविवारी दुसऱ्या प्रार्थनासभांना जाऊ लागली असतील, तर फादरांना घोर लागलेला असणार. माझ्या पाहण्यात दहातल्या सात वेळा असे बदल याच काळजीतून झाले. धर्मग्राम परिषदेत, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या गावच्या मंडळात, हा विषय झाला होता की नाही, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी निकाल देत नाही. मी असे प्रश्न कसे सोडवत आले तेवढं सांगते.

पहिलं काम म्हणजे जुनं किती जुनं आहे ते मोजायचं. तुमची आजी ऐंशीची धरली तर तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, १९५५च्या आसपास झालं असेल. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि फादर वेदीकडं तोंड करून उभे असायचे. कम्युनियनसाठी मध्यरात्रीपासून उपास धरायचा. हा उपास १९५७ मध्ये तीन तासांवर आणि १९६४ मध्ये एका तासावर आला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली. तिचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ला आला आणि लोकभाषेला वाट मिळाली. पोप पॉल सहावे यांचा नवा मिस्साग्रंथ १९६९च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांपासून, लागू झाला. म्हणजे मिस्सेत मराठी आली तेव्हा तुमची आजी विशी-पंचविशीतली, बहुतेक लेकुरवाळी. ज्या भजनासाठी ती आज रडते, ते तिच्या डोळ्यांदेखत नवीन म्हणून आलं. एक फार मोठा बदल तिनं एकदा पचवला आहे. ती बदलाला घाबरते असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

आणि ते भजन चोरवाटेनं आलेलं नाही. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमनं एप्रिल १९६९ मध्ये मान्यता दिली. जमिनीवर मांडी घालून बसणं, चपला बाहेर काढणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती हे सगळं त्यात आहे. कुठं किती करायचं ते त्या त्या बिशपांवर सोडलं होतं, म्हणून एका धर्मप्रांतात आरती दिसते आणि शेजारच्यात दिसत नाही. मराठीतून ख्रिस्त गाण्याची रीत तर याहून कितीतरी जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि ती १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापली गेली. ओवी ही भेसळ असेल तर ती चारशे वर्षांपूर्वीची आहे आणि एका इंग्रज जेझुइट फादरांनी केलेली आहे.

आता मावसभावाचं बघू. त्याला वेड्यात काढू नका. त्याच परिषदेच्या त्याच दस्तऐवजात लिहिलं आहे की लॅटिन जपावं आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान असावं. शांतता, गुडघे टेकणं, देवापुढं बोलणं थांबवणं ही त्याची ओढ खरी आहे. पुण्यासारख्या शहरात दिवसभर गोंगाटात काम करणाऱ्या पोराला ती का लागते ते मला कळतं. पण तो जिला कायमची मानतो ती लॅटिन मिस्साही बदलत आलेली आहे. रोममधले पहिले ख्रिस्ती ग्रीकमधून उपासना करत. लोकांची बोली लॅटिन झाली तसं चौथ्या शतकापर्यंत उपासनेतही लॅटिन आलं. म्हणजे लॅटिन आलं ते लोकांना कळावं म्हणून. पोप पायस पाचवे यांनी १५७०ला मिस्साग्रंथ ठरवून दिला, त्यावरही १६०४, १६३४ आणि १९६२ मध्ये हात फिरला. पुनरुत्थानाची जागरण-मिस्सा कित्येक शतकं शनिवारी सकाळी व्हायची. ती रात्री आणली पोप पायस बारावे यांनी, १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५५च्या हुकमानं सगळीकडं. परिषद तेव्हा भरलीही नव्हती. आणि गुडघ्यांचं म्हणाल तर ३२५ सालच्या निकेआ परिषदेनं रविवारी उभं राहूनच प्रार्थना करावी असं ठरवलं होतं. जुन्या लॅटिन मिस्सेसाठी जुलै २०२१पासून बिशपांची परवानगी लागते. भावाला ती हवी असेल तर त्यानं रीतसर मागावी. मात्र आजीच्या भजनाला भेसळ म्हणण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

बाकड्यांचंही तसंच. चर्चची पहिली हजार-बाराशे वर्षं लोक उभे राहत किंवा जमिनीवर बसत. बाकडी युरोपातही फार उशिरा आली. तुमची सतरंजी बाकड्यापेक्षा जुनी आहे.

फादरांना बदलता येतं का, याचं उत्तर तीन थरांत द्यावं लागतं, कारण आपण सगळंच एका पोत्यात भरतो. भाकर आणि द्राक्षरस, अर्पणाच्या वेळचे प्रभूचे शब्द, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाण्यानं दिलेला बाप्तिस्मा, इथं पोपसुद्धा हात लावत नाहीत. दुसऱ्या थरात भाषा, उपासाचे तास, प्रार्थनांचा क्रम. हे पोप आणि बिशप बदलू शकतात, बदलतही आले आहेत. एकट्या फादरांना मात्र यात काही घालता येत नाही, गाळता येत नाही. व्हॅटिकन परिषदेनं ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं आहे. तिसरा थर म्हणजे बाकडी, सतरंजी, कीबोर्ड, ढोलकी, मान्य गीतांपैकी कोणती गायची. इथं फादरांचा अधिकार चालतो. तुमच्याकडचा सगळा वाद या तिसऱ्या थरातला आहे. तेव्हा फादरांनी नियम मोडला असं म्हणून तुम्ही भेटायला गेलात तर पहिल्याच वाक्याला हरून परत याल.

नियम मोडला नाही म्हणजे चांगलं झालं, असंही नाही. इथं मला हलगीची गोष्ट सांगायची आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं एका शिबिरातून परतलो. तिथं शिकवलं होतं की उपासना आपल्या मातीतली हवी, आपली वाद्यं, आपले रिवाज. आम्ही भारावून गेलो होतो. त्या नाताळच्या रात्री मिरवणुकीला आम्ही हलगी लावली. मिशनच्या फाटकाशी हलगी कडाडली आणि एक सत्तरीचे बाबा, जे दर नाताळला बाळ येशूची मूर्ती हातात धरून पुढं चालायचे, मूर्ती माझ्या यजमानांच्या हातात देऊन घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्या हलगीपायी तर माझा बाप मिशनात आला. गावात लग्न असो का मयत, बोलावलं की उठायचं अन् वाजवायचं, वर शिळं तुकडं घ्यायचं. आता देवापुढंबी तेच वाजवू व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडचे बहुतेक कॅथलिक महार आणि मांग समाजातून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, निजामाच्या राज्यात, फ्रान्सलियन संघाचे फादर घोगरगावाकडं आले. त्यांच्यामागं जी घरं उभी राहिली त्यांनी नवा देव स्वीकारला, त्यासोबत गावकीचं ओझंही उतरवलं. त्यांच्यासाठी 'आपली संस्कृती' हा शब्द सरळ नाही. आमची शिकलेली पोरं विचारतात की आरती, कावी शाल, संस्कृत श्लोक ही नेमकी कुणाची संस्कृती? आमच्या अर्ध्या सोयऱ्यांनी १९५६ नंतर बुद्धाचा धम्म घेतला, त्यांच्या घरी बसलं की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तो मी कधी उडवून लावला नाही. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चच्या आतही जातिभेद आहे हे कबूल केलं आहे.

मग आम्ही दोन महिने काहीच बदललं नाही, घरोघर जाऊन फक्त विचारलं. लोकांनी ढोलकी, टाळ आणि एकतारी निवडली. हलगी बाहेर राहिली. पुढं वीसेक वर्षांनी त्याच बाबांचा नातू, भीमजयंतीच्या मिरवणुकीत हलगी वाजवून नाव कमावलेला, स्वतःहून म्हणाला की ईस्टरला मी वाजवणार. त्या पहाटे तीच हलगी त्याच फाटकाशी वाजली आणि बाया रडल्या. वाद्य एकच, पण पहिल्यांदा ते आम्ही आणलं होतं, दुसऱ्यांदा त्यांनी. तेव्हापासून कुठल्याही बदलाला मी हा एकच प्रश्न लावते: हे कुणाला विचारून आलं, आणि यामुळं कुणाचं तोंड बंद झालं?

माझी चूक याच प्रश्नाची आहे. लग्न होऊन मी पहिल्यांदा गावात आले तेव्हा मयताच्या रात्री बाया ओव्या म्हणायच्या. मारियेच्या, बाळ येशूच्या, क्रुसाच्या. त्यात मधेच विठूचं नावही यायचं. मी नुकती शिकून आलेली, बावीस वर्षांची. मी त्या थांबवल्या आणि म्हटलं, जपमाळेचे पाच दशक म्हणा, हे नको. बायांनी ऐकलं, कारण मी मास्तरीणबाई होते. ज्या दोघींना सगळ्या ओव्या पाठ होत्या त्या दहा वर्षांत गेल्या. आता माझ्याकडं एवढीच उरली आहे:

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेमच्या गोठ्याला,
कडबा नाही अंथराया, काय देऊ लेकराला.

दुष्काळात जनावरं विकलेल्या बाईनं रचलेली ओवी आहे ही. ती मी गमावली असती, आणि हिच्यासारख्या किती गमावल्या याचा हिशेब माझ्याकडं नाही. विठूचं नाव तेवढं बसून समजावून सांगता आलं असतं. मी सगळीच बंद केली. म्हणून तुमच्या फादरांवर मला राग येत नाही, भीती वाटते.

चर्च बदलत नाही असंही नाही, आणि बदल नेहमी वरूनच येतो असंही नाही. दसरा-दिवाळीनंतर आमची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. नाताळ आणि ईस्टरआधीचा अर्धा उपवासकाळ त्यांचा फडावरच जातो. मूल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा असा चर्चचा कायदा आहे. पण बाळंतीण कारखान्यावर आणि आजी-आजोबा गावात असले की बाप्तिस्मा थांबतो. आम्ही मे महिना ठरवून टाकला होता. कोयते परत आले की बाप्तिस्मे, पहिलं कम्युनियन, लग्नं सगळं त्या महिन्यात. लेकरू आजारी असेल तर फडावर मुकादमाच्या बादलीतल्या पाण्यानं मीच बाप्तिस्मा दिला आहे. निकडीच्या वेळी कुणालाही देता येतो. बायांनी वाचन करावं, कॅटेकिस्टनं उपासना चालवावी हेही खेड्यात गरजेपोटी आधी सुरू झालं. वाचकाचं पद बायांना रीतसर खुलं झालं जानेवारी २०२१ला, आणि कॅटेकिस्टचं पद पोप फ्रान्सिस यांनी रीतसर स्थापलं मे २०२१ला. ती बातमी आली तेव्हा माझे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. मी त्यांना ती तीनदा वाचून दाखवली.

आता तुम्ही काय करायचं ते. सह्यांचा कागद घेऊन जाऊ नका आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर एक शब्दही टाकू नका, तिथं फादरांना माघार घ्यायला जागा राहत नाही. तिघं जा: तुम्ही, आजीच्या वयाची एक बाई, आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यांतलं एक पोर. हे तिसरं माणूस फार महत्त्वाचं आहे. चर्चच्या कायद्यातलं २१२वं कलम सांगतं की आपलं मत आदरानं धर्मगुरूंपुढं मांडण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यही असतं. कलम तुमच्या मनात असू द्या, तोंडावर आणू नका. आधी फादरांना विचारा की बदल का केला, आणि पूर्ण ऐकून घ्या. मराठवाड्यात येणारे बरेच फादर वसईचे, मंगळूरचे, केरळचे असतात. ढोलकीवरचं भजन त्यांनी लहानपणी ऐकलेलंच नसतं. कुणी नीट सांगितलंच नाही म्हणून ते गेलं, असंही मी पाहिलं आहे.

मग मागणी छोटी ठेवा. भजन परत आणा असं म्हणू नका. मिस्सेच्या आधी वीस मिनिटं भजन, आणि अर्पणाच्या वेळी एक, एवढं मागा. पुढं दोन सतरंज्या, मागं आणि बाजूला बाकडी, असं आम्ही एका गावात केलं. सहा महिन्यांत गुडघे दुखणारे बाकड्यावर आणि लेकरं आज्यांजवळ सतरंजीवर, अशी लोकांनी आपोआप वाटणी केली.

गाण्याबाबत एक अनुभवाची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. कीबोर्डवाली पोरं गाणं मोबाइलवर ऐकतात त्याच पट्टीत वाजवतात. साठीच्या पुढच्या बाईचा आवाज तिथं पोचत नाही. एका गावात बाया नाराज आहेत असं सगळे समजत होते, प्रत्यक्षात त्यांना सूर चढा पडत होता आणि सांगायची लाज वाटत होती. पोरानं ट्रान्सपोझचं बटण दाबून गाणं दोन-तीन सूर खाली आणलं, आणि पुढच्या रविवारी मागच्या रांगेतून आवाज आला. तुमच्या आजीचं कारण हेच असेल असं नाही, पण आधी हे तपासून बघा. त्यात कुणाचाच मान जात नाही.

फादरांनी नाहीच म्हटलं तर? धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत विषय घ्यायला सांगा. परिषद सल्ला देते, निर्णय फादरांचा असतो, हे ध्यानात ठेवा. तोवर भजन चर्चबाहेर चालू ठेवा: घरच्या जपमाळेला, ऑक्टोबरात जपमाळेच्या महिन्यात, उपवासकाळात क्रुसाच्या वाटेला, हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाताना गाडीत. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फादर काही वर्षांनी बदलतात. तोवर भजन येणारी माणसं उरलेली असली पाहिजेत.

आणि हे मात्र या महिन्यातच करा. आजीच्या भजनाची वही असेल तर तिचे फोटो काढा. वही नसेल तर तिला मोबाइलवर गाऊ द्या, एका वेळी एकच, आणि कोणतं भजन कधी म्हणायचं तेही तिच्याच तोंडून भरून घ्या. फादरांची भेट झाली की काय ठरलं ते कळवा. नाही जमलं तर डीनकडं, म्हणजे आसपासच्या चर्चवर देखरेख ठेवणाऱ्या फादरांकडं, कसं जायचं ते पुढं सांगते.